सरकारी कायदा आणि आपला दीन (धर्म): पेच पडला की उत्तर कसं शोधायचं

मी मुंब्र्याजवळ कौशात राहते, ठाण्याला कोर्ट नाक्यावर वकिली करते आणि रविवारी अस्रच्या नमाजनंतर आमच्या जमातीच्या हॉलमध्ये लोकांचे कागद बघायला बसते. निकाहनामा, वारसनोंद, घराचा करार, पोलीस ठाण्याची नोटीस, जे येईल ते. कागदाचं काम उरकलं तरी बऱ्याचदा माणूस उठत नाही. मग खालच्या आवाजात खरा प्रश्न येतो: "बाजी, हे सरकारचे नियम पाळणं आपल्यावर बंधनकारक आहे का? म्हणजे दीनच्या हिशेबाने?" विशी-पंचविशीतली मुलं तेच तावातावाने विचारतात: "कायदा माणसांनी केलाय, अल्लाहने नाही. मोडला तर दंड लागेल, गुनाह कसला?"

गुनाह लागतो. निदान रोज आपल्याशी गाठ पडते त्या बहुतेक कायद्यांच्या बाबतीत लागतो. पण "सगळे कायदे डोळे मिटून पाळा" असंही दीन सांगत नाही. एखादा नियम समोर आला की तो कसा तपासायचा, कुणाला विचारायचं आणि कुठे ठाम उभं राहायचं, ते इथे लिहिते आहे. मी मुफ्ती नाही, फतवा देत नाही. तुमच्या घरच्या मामल्यात शेवटचा शब्द तुमच्या मसलकच्या (पंथाच्या) मुफ्तींचाच.

आधी पाया पक्का करा

बहुतेक जण सूरह निसाच्या ५९ व्या आयतीपासून सुरुवात करतात: अल्लाहची आज्ञा पाळा, प्रेषितांची पाळा आणि तुमच्यातल्या अधिकारी लोकांची पाळा. मी सगळा भार या आयतीवर टाकत नाही. ती मुसलमान शासकाबद्दल आहे असं बरेच मुफस्सिर, म्हणजे कुरआनचे भाष्यकार, म्हणतात, आणि तावातावाने विचारणारा मुलगा नेमकं तिथेच बोट ठेवतो. आपल्यासाठी खरा पाया दुसरीकडे आहे आणि तो जास्त मजबूत आहे: दिलेला शब्द.

सूरह माइदाची पहिलीच आयत ईमानवाल्यांना करार पूर्ण करायला सांगते. सूरह इसराच्या ३४ व्या आयतीत येतं की वचनाबद्दल जाब विचारला जाईल. समोरचा मुसलमानच असला पाहिजे अशी अट दोन्हीकडे नाही. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई मसलकचे, तेव्हा आपल्याच इमामांचं ऐकू. इमाम शाफईंनी स्पष्ट लिहून ठेवलंय की मुसलमान अभय घेऊन शत्रूच्या मुलखात गेले, तर शत्रूही त्यांच्यापासून सुरक्षित राहिला पाहिजे. त्याला दगा देणं, त्याचा माल हडपणं जायज नाही. हनफींकडे इमाम सरख्सींचंही म्हणणं हेच. आणि ही गोष्ट उघड शत्रूच्या मुलखाची चालली आहे! आपण तर इथलेच, पिढ्यान् पिढ्या. पासपोर्ट, मतदार यादीतलं नाव, दुकानाचं लायसन, नोकरीचं पत्र, एकेका कागदावर आपण इथल्या नियमांना हो म्हणत आलो. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने आपल्याला धर्म पाळायचं स्वातंत्र्य दिलं, ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन ठेवून. ही दोन्ही बाजूंची बोली आहे. स्वातंत्र्य तेवढं घ्यायचं आणि बंधन टाकून द्यायचं, हे करार मोडणंच झालं.

हबशाची (आजच्या इथिओपियाच्या भागाची) हिजरत, म्हणजे स्थलांतर, आठवा. मक्केतला छळ असह्य झाला तेव्हा, इ. स. ६१५ च्या सुमारास, प्रेषितांनी (सल्ल.) आपल्या लोकांना हबशाच्या ख्रिस्ती राजाकडे, नजाशीकडे जायला सांगितलं. त्यातले काही ६२८ पर्यंत तिथेच होते. तिथे शरीयतचं राज्य नव्हतं, तरी ते तिथल्या राजाच्या अमलाखाली गुण्यागोविंदाने राहिले. मुस्नद अहमद या हदीससंग्रहातल्या एका रिवायतीत (कथनात) आहे की दरबारात प्रेषितांचे चुलत भाऊ जाफर (रजि.) यांनी सलाम केला, सजदा केला नाही. कारण विचारलं तेव्हा म्हणाले, आम्ही अल्लाहखेरीज कुणाला सजदा करत नाही. आपला सगळा विषय मला या प्रसंगात दिसतो. मुलूख राजाचा, नियम राजाचे, ते मान्य. इबादतच मागितली तिथे तोंडावर, अदबीने नकार. लपूनछपून काही नाही, आणि एक गोष्ट नाकारली म्हणून बाकीचे नियम मोडायची मुभाही घेतली नाही.

नंतरच्या काळातलं उदाहरण हवं असेल तर मौलाना अशरफ अली थानवी यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. इंग्रजांची रेल्वे. मौलाना सामान वजन करून जास्तीचे पैसे भरायला निघाले, तर ओळखीचा गार्ड म्हणाला, राहू द्या, मी गाडीत आहे. मौलानांनी विचारलं, तुम्ही कुठपर्यंत? त्याने स्टेशन सांगितलं. त्यानंतर? दुसऱ्या गार्डला सांगून ठेवतो. आणि त्याच्याही पुढे? पुढे तर प्रवास संपतो, तो म्हणाला. मौलाना म्हणाले, माझा संपत नाही, अल्लाहपुढे हिशेब द्यायचा आहे. परक्या सरकारच्या रेल्वेचा नियम, आणि तो पाळणारा एवढा मोठा आलिम. मुंब्रा स्टेशनवर विनातिकीट गाडीत चढणाऱ्या प्रत्येक पोराला मी ही गोष्ट सांगते.

नियम तपासायची रीत

सगळ्यात आधी नियम मुळातून वाचा. मोबाइलवर आलेला निरोप म्हणजे कायदा नव्हे. निम्म्याहून जास्त भांडणं साप म्हणून भुई धोपटण्याची असतात, कायद्यात तसं काही नसतंच. कायद्याचं नाव, वर्ष आणि कलम हाती नसेल तर चर्चा सुरूच करू नका. मराठीत कायदे छापील मिळतात, सरकारच्या संकेतस्थळावरही असतात. वाचून कळलं नाही तर ओळखीच्या वकिलाला एक कलम समजावून सांगायला दहा मिनिटं लागतात.

मग बघा, कायदा हुकूम करतोय, मनाई करतोय की नुसती मुभा देतोय. हा फरक लक्षात आला की बरंच ओझं उतरतं. दारूविक्रीला परवाना मिळतो, बँका व्याज देतात-घेतात. "हराम गोष्टींना मुभा देणारा कायदा कसा मानायचा?" असं विचारणारे भेटतात. पण तो कायदा तुम्हाला प्यायला लावत नाही, कर्ज घ्यायला लावत नाही. तुम्ही लांब राहा, कायदा मोडण्याचा प्रश्नच येत नाही. बचत खात्यात आपोआप जमा झालेलं व्याज सवाबची (पुण्याची) नियत न ठेवता गरिबाला देऊन टाकावं, असं बहुतेक मुफ्ती सांगतात. उलट मुभा आहे म्हणून दीनमध्येही चालेल असं समजू नका. हक्कसोडपत्राच्या वेळी हा मुद्दा परत येईल.

मनाई असेल तर पुढचा प्रश्न: जे करायला बंदी आहे ते आपल्यावर फर्ज, म्हणजे सक्तीचं, आहे का, की नुसतं मुबाह, म्हणजे केलं तरी चालेल, नाही केलं तरी चालेल? मुबाह गोष्टीला शासनाने लोकांच्या भल्यासाठी किंवा शांततेसाठी बंदी घातली, तर ती पाळण्याने दीनचा कणभरही तोटा होत नाही. महाराष्ट्रात गोहत्येला १९७६ च्या कायद्याने बंदी आहे, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. कुर्बानी बकऱ्याची, मेंढ्याची होते. गाय-बैलच कापला पाहिजे असं शरीयतने कुठेही सांगितलेलं नाही. या कायद्याने कुणाचा धंदा बुडाला, कुणाला तो अन्यायकारक वाटतो, तर त्यांनी कोर्टात जावं, आमदाराला भेटावं, निवेदन द्यावं. तो त्यांचा हक्क आहे. पण कुर्बानीच्या नावाखाली चोरून कायदा मोडणं इबादतीत बसत नाही. जागेचंही तसंच. पालिका ईदला जागा ठरवून देते, परवानगीची पद्धत असते. जिन्यात, गटाराच्या तोंडाशी कुर्बानी करून शेजाऱ्याला त्रास द्यायचा, हे कुठल्या मसलकमध्ये बसतं?

लाऊडस्पीकरवरून तर दरवर्षी वाद पेटतो, म्हणून जरा नीट सांगते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. फजरची, म्हणजे पहाटेच्या नमाजची, अजान आपल्याकडे वर्षातला बहुतेक काळ सहाच्या आधी येते. अजान शिआर आहे, दीनची निशाणी आहे, ती कुणी थांबवलेली नाही. यंत्र वापरायचं की नाही एवढाच प्रश्न आहे. मदिनेत मशिदीजवळ बनू नज्जार टोळीतल्या एका बाईचं घर सगळ्यांत उंच होतं, बिलाल (रजि.) त्याच्यावर चढून फजरची अजान देत, हे अबू दाऊदमध्ये आलंय. आमच्या भागात फजरला साध्या गळ्याने अजान देतात, मी गॅलरीतून ऐकते, ती पूर्ण अजान असते. मात्र नियम सगळ्यांना सारखा लावावा अशी मागणी जरूर करा. मंडप कुणाचाही असो, रात्री बारानंतर डीजे वाजला तर १०० किंवा ११२ ला फोन करा आणि तक्रारीची नोंद मागा. बरोबरीने वागवून घेणं हा हक्क आहे, तो सोडायला दीन सांगत नाही.

आणि शेवटचं: नियम मोडल्याने नुकसान कुणाचं होतं? "ना नुकसान करायचं, ना नुकसानीला नुकसानीने उत्तर द्यायचं" या अर्थाची हदीस इब्ने माजामध्ये आहे. फिकहचे (धर्मशास्त्राचे) कितीतरी मसले तिच्यावर उभे आहेत. आपल्या भागात याचा दाखला शोधायला लांब जावं लागत नाही. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याला लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली, ७४ माणसं गेली. परवानगी नव्हती, घाईघाईत मजल्यावर मजले चढवले होते, वरती काम चालू असताना खाली बिऱ्हाडं राहत होती. बांधकामाचा नियम माणसांनी केलाय, बरोबर. पण जीव वाचवणं हा शरीयतच्या पाच मूळ उद्देशांपैकी एक आहे, आणि तो नियम तेच करतो. म्हणून मुंब्रा, दिवा, शिळ, कुठेही घर घेताना बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र मागा, महारेराचा नंबर तपासा. नुसत्या नोटरीच्या करारावर आयुष्याची पुंजी देऊ नका. आणि आपलाच कुणी भाऊबंद बिल्डर असेल तर त्याला तोंडावर सांगा की अशा घराचे पैसे हलाल कसे होतील याचा विचार कर.

वीज-पाण्याचं याच ओघात सांगते. आकडा टाकलेली वीज, मीटरच्या आधी फोडलेली पाण्याची लाइन, ही चोरी आहे. वीजचोरीला वीज कायदा २००३ चं कलम १३५ गुन्हा म्हणतं, आणि दीन दोन्हीला हराम म्हणतो. वुजूखान्याला, म्हणजे नमाजआधी हात-पाय धुण्याच्या जागेला, असं पाणी येत असेल तर? आपल्या शाफई फिकहप्रमाणे वुजू होतो, पण दुसऱ्याचं पाणी घेतल्याचा गुनाह मानेवर राहतो. हनबली मसलकच्या प्रसिद्ध मताप्रमाणे अशा पाण्याने वुजूच होत नाही. ट्रस्टींनी आधी नळाचं बिल बघावं, मग नवी कार्पेट आणावी.

इन्कम टॅक्सबद्दल एका ओळीत: टॅक्स भरला म्हणून जकात सुटत नाही आणि जकात दिली म्हणून टॅक्स सुटत नाही.

निकाह: इथे सगळ्यात जास्त काम पडतं

वली (मुलीचा पालक), दोन गवाह (साक्षीदार), ईजाब-कबूल (प्रस्ताव आणि होकार), मेहर (नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम). निकाह झाला, अल्लाहपुढे तुम्ही नवरा-बायको. मग पालिकेत कशाला? महाराष्ट्राचा १९९८ चा विवाह नोंदणी कायदा प्रत्येक धर्माच्या लग्नाची नोंद मागतो, नव्वद दिवसांत. मुदत टळली तरी नोंद होते, जास्तीची फी पडते. या नोंदणीने निकाह "कोर्टाचा" होत नाही, शरीयतही सुटत नाही. सरकार फक्त लिहून घेतं की निकाह झाला. १९५४ चा विशेष विवाह कायदा वेगळा. त्याच्याखाली लग्न केलं किंवा नोंदवलं तर वारसा हक्क भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे चालतो, शरीयतप्रमाणे नाही. लोक या दोन्हींची गल्लत करतात आणि घाबरून कुठेच जात नाहीत. काउंटरवर फॉर्म घेताना १९९८ च्या कायद्याचा "विवाह ज्ञापन" फॉर्म, नमुना ड, हवाय असं स्पष्ट सांगा.

कुरआनची सगळ्यात लांब आयत, बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, गवाह ठेवा, असं सांगते. उधारीला एवढी लिखापढी, तर जिच्यावर बाईचं आणि मुलांचं आयुष्य उभं राहतं त्या नात्याला कागद नको?

काय करायचं ते सांगते. निकाहच्या दिवशीच, काझीसाहेब समोर असताना, निकाहनामा वाचून घ्या. नावं आधार कार्डाप्रमाणे अक्षर न् अक्षर लिहायला सांगा. माझ्यासमोर येणाऱ्या अडचणींत सगळ्यात सामान्य अडचण ही: निकाहनाम्यात "मो.", आधारवर "मोहम्मद", पासपोर्टवर त्याचंच तिसरं स्पेलिंग. नवरा आखातात गेला की बायकोच्या व्हिसाच्या वेळी हा एक टिंब गळ्याशी येतो. मुलीच्या बाजूला वडिलांचं नाव राहून जातं, तारीख फक्त हिजरी लिहिलेली असते. इंग्रजी तारीखही घाला. मेहरची रक्कम आकड्यात आणि अक्षरात, आणि नगद की उधार ते लिहा. तो रकाना रिकामा ठेवून "बघू नंतर" म्हणणाऱ्यांना थांबवा. मेहर तिचा हक्क आहे आणि रक्कम लिहिलेली असली की कोर्टातही मागता येतो.

मग दोघांचे वयाचे आणि राहण्याचे पुरावे, फोटो, लग्नपत्रिका, निकाहनाम्याची प्रत (उर्दूत असेल तर मराठी भाषांतरासह), ज्ञापनावर काझींची सही, आणि तीन साक्षीदार त्यांच्या ओळखपत्रांसह. निकाहला दोन गवाह पुरतात, या नोंदणीला तीन लागतात. तिसऱ्याला त्याच दिवशी सांगून ठेवा. प्रभाग कार्यालयात विवाह निबंधकाकडे जा. काउंटरवर काय हवं त्याची यादी भिंतीवर लावलेली असते, मोबाइलवर फोटो काढून घ्या.

वयाची अट, मुलगी १८ आणि मुलगा २१, हीसुद्धा पाळा. "शरीयतमध्ये बालिग (वयात) झाली की चालतं" हे वाक्य मी ऐकते. चालणं वेगळं, करावंच लागणं वेगळं. लवकर लग्न लावणं कुणावर फर्ज केलेलं नाही. म्हणजे हा मुबाह गोष्टीवरचा निर्बंध झाला, आणि तोही मुलीच्या तब्येतीसाठी आणि शिक्षणासाठी. वकील म्हणून नाही, बाई म्हणून सांगते: थांबा.

एका दमातल्या तीन तलाकचं तसंच. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बाद ठरवला, २०१९ च्या कायद्याने तो उच्चारणं गुन्हा झाला, तीन वर्षांपर्यंत कैद. असा तलाक द्या असा हुकूम दीनमध्ये कुठेच नाही. खरोखर वेगळं व्हायची वेळ आली तर तलाक-ए-अहसनची रीत आहे: पाकीच्या काळात (मासिक पाळी नसताना) एकदाच, मग इद्दत (ठरलेली थांबण्याची मुदत), तेवढ्यात समेटाला जागा. दोन्ही घरची शहाणी माणसं बसवा, लिहून ठेवा. बाईला सुटका हवी असेल तर खुला, म्हणजे तिने मागून घेतलेला तलाक, आहे, आणि नवरा ऐकत नसेल तर १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याने तिला कोर्टात दाद मागता येते. रागाच्या भरात कुणी तीनदा बोलून बसला असेल तर मात्र मौलाना आणि वकील दोघांकडे त्याच आठवड्यात जा. कारण मसलकप्रमाणे एक उत्तर आणि कायद्याप्रमाणे दुसरं, अशी फट राहू शकते, आणि त्या फटीत नेहमी बाई अडकते.

खोटा दाखला, चहापाणी

शिष्यवृत्तीसाठी उत्पन्न कमी दाखवायचं, सेतू केंद्रात प्रतिज्ञापत्र करायचं, "सगळेच करतात". बुखारीत आहे की प्रेषित (सल्ल.) मोठे गुनाह मोजत होते, टेकून बसले होते. खोट्या साक्षीचा उल्लेख आला तेव्हा ते सरळ होऊन बसले आणि तेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, इतकं की ऐकणाऱ्यांना वाटलं आता थांबावं. प्रतिज्ञापत्राच्या खाली "वरील मजकूर सत्य प्रतिज्ञेवर खरा आहे" असं असतं. ती साक्षच आहे. समोर कुठल्या धर्माचा कारकून बसलाय याने काही फरक पडत नाही. शिवाय तुमच्या खोट्या दाखल्याने खऱ्या गरजू मुलाची जागा जाते.

लाचेबद्दल कुरआन बकराच्या १८८ व्या आयतीत बोलतं आणि देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांवर लानत असल्याची हदीस तिर्मिजी आणि अबू दाऊदमध्ये आहे. आपला हक्काचा कागद अडवून ठेवलाय, दुसरा काहीच मार्ग नाही, अशा वेळी देणाऱ्यावर गुनाह नाही, घेणाऱ्यावर आहे, अशी सवलत बऱ्याच फकीहांनी (धर्मशास्त्र जाणणाऱ्यांनी) सांगितली आहे. लोक ही सवलत आधी वापरतात आणि मार्ग नंतरही शोधत नाहीत. मार्ग आहेत. २०१५ चा सेवा हक्क कायदा बऱ्याच दाखल्यांना मुदत घालून देतो. अर्जाची पोच घ्या, मुदत टळली की अपील करा. लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर फोन करा. २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणंही गुन्हा आहे, मात्र बळजबरीने द्यावी लागली आणि सात दिवसांत कळवलं तर देणारा सुटतो. पोच मागितली की निम्मे कागद हलतात, हा माझा रोजचा अनुभव.

बहिणीचं हक्कसोडपत्र

इथे कायदा आडवा येत नाही, उलट वाट मोकळी करून देतो, आणि तिथेच आपले लोक घसरतात. १९३७ च्या शरीयत कायद्यामुळे महाराष्ट्रात आपल्या वारसाहक्काला बहुतेक बाबतींत शरीयतच लागू होते. म्हणजे बहिणीला वाटा देणं दीनचंही बंधन आणि कायद्याचंही. मग भाऊ तिला दुय्यम निबंधकाकडे नेतात. खिडकीसमोर स्टूल, छोटा कॅमेरा, अंगठा ठेवायचं यंत्र. "ताई, इकडे बघा." फोटो निघतो, अंगठा लागतो, तिचा वाटा गेला. काल रात्री आई म्हणाली होती, माहेर तुटायला नको. आत्ता मोठा भाऊ बाहेर रिक्षा थांबवून उभा आहे. कायद्याच्या नजरेत दस्त चोख.

अल्लाहच्या नजरेत? दुसऱ्याचा माल त्याच्या मनापासूनच्या राजीखुशीशिवाय हलाल होत नाही. निसाच्या ११ आणि १२ व्या आयतींत वाटे सांगितले आणि लगेच १३-१४ मध्ये या अल्लाहच्या हद्दी आहेत, त्या ओलांडणाऱ्याला आग आहे, असं बजावलं. तेव्हा रीत अशी ठेवा: मयताचं दफन, कर्ज आणि एक तृतीयांशापर्यंतची वसीयत यांचा हिशेब आधी. मग सगळ्या मालमत्तेची यादी आणि बहिणीच्या वाट्याची रुपयांतली रक्कम कागदावर मांडा, तिच्या हातात द्या. सातबारा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, जिथे वारसनोंद होते तिथे तिचं नाव लागू द्या. काही महिने जाऊ द्या. तिच्या वाट्याचं भाडं येत असेल तर ते तिच्या खात्यात जाऊ द्या. एवढं झाल्यावरही ती स्वतःहून, कुणी न बोलावता म्हणाली की भावाला देते, तर दस्त करा. माझ्याकडे हक्कसोडपत्र करायला येणाऱ्या बहिणीशी मी दार लावून एकटीशी बोलते. भाऊ रागावतात. रागावू देत.

खरोखरचा पेच आला तर

कायदा उघड गुनाह करायलाच लावतोय, अशी वेळ फार क्वचित येते. आली तर नियम स्पष्ट आहे. बुखारी-मुस्लिममधली अली (रजि.) यांची रिवायत: एका तुकडीचा अमीर आपल्या लोकांवर चिडला, लाकडं गोळा करायला लावली, आग पेटवली आणि म्हणाला, शिरा आत. ते थबकले, शिरले नाहीत. प्रेषितांना (सल्ल.) कळलं तेव्हा ते म्हणाले, शिरले असते तर कधीच बाहेर आले नसते. आज्ञापालन फक्त चांगल्या गोष्टीत. हा अमीर तर मुसलमान होता, प्रेषितांनीच नेमलेला होता, तरी ही मर्यादा. पण बघा, त्यांनी त्याच्यावर तलवार उगारली नाही, फक्त ते काम केलं नाही.

आपल्या देशात असा नकार द्यायला कायद्याचाच रस्ता आहे. केरळमधल्या एका ख्रिस्ती पंथाच्या तीन मुलांनी शाळेत राष्ट्रगीताला आदराने उभं राहूनही ते म्हणायला नकार दिला, कारण त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हतं. शाळेतून काढलं. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९८६ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. मुलं मुसलमान नव्हती, पण तो निकाल तुमच्या-माझ्या कामाचा आहे: नकार अदबीचा होता, कुणाचा अपमान नव्हता, आणि दाद कोर्टात मागितली होती. दाढी, हिजाब, जुमाची (शुक्रवारच्या नमाजची) सुट्टी, कामाच्या ठिकाणी असा प्रश्न आला तर आधी लेखी विनंती करा, लेखी उत्तर मागा, मग वकील गाठा. निकाल कधी बाजूने लागतो, कधी विरुद्ध. विरुद्ध लागला तर अपील. दगड उचलायचा नाही, नोकरीवर खोटंही बोलायचं नाही.

काही मुलं इथे माइदाची ४४ वी आयत पुढे करतात: अल्लाहने उतरवलेल्याप्रमाणे जे निर्णय देत नाहीत ते काफिर. म्हणजे इथला कायदा मानणं हेच कुफ्र! त्यांना मी दोन गोष्टी सांगते. आयत निर्णय देणाऱ्यांबद्दल बोलते, मुंब्रा बायपासवर लाल सिग्नलला थांबणाऱ्याबद्दल नाही. आणि इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडून या आयतीच्या तफसीरमध्ये आलंय की हे दीनमधून बाहेर काढणारं कुफ्र नव्हे. या आयतीवरून लोकांना काफिर ठरवायची घाई खवारिज या सुरुवातीच्या काळातल्या बंडखोर गटाने केली होती आणि तिचा शेवट अली (रजि.) यांच्या खुनात झाला. पोरगं असं बोलायला लागलं तर ओरडू नका. त्याला जाणत्या आलिमाकडे घेऊन जा, ऐकून घेणाऱ्या, आणि शेजारी बसा.

मुफ्तींना विचारायचं कसं, तेही सांगते, कारण अर्धवट प्रश्नाला अर्धवटच उत्तर मिळतं. तोंडी, जुमाच्या गर्दीत, चपला शोधता शोधता विचारू नका. कागदावर लिहा. कायद्याचं नाव आणि कलम, त्याची छापील प्रत जोडून. तो पाळल्याने दीनचं नेमकं कोणतं फर्ज सुटतं किंवा कोणतं हराम करावं लागतं. न पाळल्यास शिक्षा काय. पर्याय काय काय आहेत. तुमचा मसलक कुठला. स्वतःच्या बाजूचं लपवू नका. आणि "मला हे टाळायचंय, मार्ग सांगा" अशा सुरात लिहू नका. उत्तर लेखी, तारखेसह, दारुल इफ्ताच्या (फतवे देणाऱ्या कार्यालयाच्या) शिक्क्यासह घ्या. दुसरी प्रत घेऊन वकिलाकडे या. दोघांची उत्तरं वेगळी निघाली तर दोघांना एकत्र बसवा. आमच्या हॉलमध्ये रविवारी तशी सोय आहे, चहा जमातीचा, फक्त मूळ कागद घेऊन या, मोबाइलमधला फोटो चालत नाही.